गोष्टीतला उंदीर कधी आजारी पडत नाही

“वाघ बोलतो, शेळी बोलते, दोघांची मैत्री झाली. मग बाई, त्या दिवसापासनं वाघ खातो काय?”

नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता, तेव्हा हा प्रश्न माझ्यापुढे आला. विचारणारी धनगराची सगुणा, इयत्ता दुसरी. मी ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं हसू चेहऱ्यावर आणलं आणि म्हटलं, “फळं खातो.” सगुणाला माझी कीव आली असावी. ती म्हणाली, “तुमी वाघाचं दात बघितल्यात काय बाई? आमच्या बानं बघितल्यात.” सगळा वर्ग खिदळला. मी छडीकडे नेलेला हात मागं घेतला, कारण मुलगी बरोबर बोलत होती. माझा वाघ चित्रातला होता. तिच्या वाघानं वाड्यातलं कोकरू उचलून नेलं होतं.

बालवाङ्मय कसं असावं यावर चार शब्द लिहा, असा या अंकाच्या संपादकांचा आग्रह आहे. माझा जन्म लोकल बोर्डाच्या मुलींच्या शाळांत गेला. निपाणी, संकेश्वर, चिकोडी या टापूतली गावं बदलीत पालथी घातली आणि आता बेळगावात टिळकवाडीला भावाच्या घरी बसून मोतीबिंदू पिकायची वाट बघते आहे. बालवाङ्मय कसं असावं ते मला ठाऊक नाही. ते कुठं फुटतं एवढं मात्र सांगता येईल, कारण दरवेळी ते माझ्या हातात असताना फुटलेलं आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गोष्ट सांगणं म्हणजे मास्तरणीची विश्रांती. तसं नसतं. एका खोलीत चार इयत्ता, त्यातल्या निम्म्या मुलींच्या काखेत धाकटं भावंड. आया त्यांना तंबाखूच्या रानात न्यायला टपलेल्या. मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत आली तर ती पाढ्यांसाठी येत नसे, कालची गोष्ट अर्धी राहिली म्हणून येत असे. त्यामुळे दिवसाचा शेवटचा तास गोष्टीचा. तो बिघडला की दुसऱ्या दिवशी खोली ओस.

या तासाला मी हळूहळू एक गोष्ट शिकले. मुलं पहिलं खोटं एका घोटात पितात. कोल्हा बोलतो म्हटलं की बोलतो. दुसरं खोटं मात्र घशात अडकतं. कोल्हा कावळ्याशी बोलत असेल तर कोंबडीशीही बोलायला हवा. कोंबडी बोलत असेल तर तिची मान धरताना ती काय म्हणाली हे सांगायला हवं. ससा कोट घालतो, तर हरणी उघडी का फिरते? अस्वलानं घोंगडं पांघरलं तर माझ्या वर्गाला ते पटत नसे, कारण त्याच्या अंगावर केस आहेत की! आणि शेतकऱ्याचे बैल रात्री गोठ्यात एवढ्या शहाणपणाच्या गप्पा मारतात, तर सकाळी मान जुवाखाली का देतात?

एकदा डेप्युटीसाहेब तपासणीला आले. खूष होते, स्वतःच गोष्ट सांगायला बसले. हत्ती शाळेत आला, बाकावर बसला, कविता म्हणू लागला. मागून एक मुलगी म्हणाली, “सायेब, दारातनं आत आला कसा?” साहेबांनी आमच्या दाराकडे पाहिलं. त्यातून ते स्वतः वाकून आले होते. “गोष्टीत असलं विचारायचं नसतं,” असं म्हणून त्यांनी हत्ती तसाच बसवून ठेवला आणि जाताना मला ऐकवलं की वर्गात शिस्त कमी आहे. मला राग यायला हवा होता. घरी येताना मी एकटीच हसत होते.

पण मी लिहायला बसले आहे ते यासाठी नाही. मला पद्माविषयी लिहायचं आहे, आणि तिच्या आजोबांविषयी. इतकी वर्षं ते कुणाला सांगितलं नाही.

पहिलं महायुद्ध पेटायच्या आधीची गोष्ट. निपाणीपासून दोन कोसांवरच्या एका गावात माझी नेमणूक झाली. विधवा बाईला भाड्यानं घर कोण देणार? तवनाप्पा नावाच्या एका जैन शेतकऱ्यानं आपल्या सोप्यालगतची खोली दिली. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणे, मीही म्हणू लागले. घरात मुलगा, सून आणि दोन नातवंडं: तिसरीतली पद्मा आणि चारेक वर्षांचा जिनू, तो आक्काचं बोट धरून माझ्या वर्गात येऊन बसायचा. घरची बोली कानडी, बाजारची मराठी, आणि पोरं दोन्हीत भांडत. जेवण दिवस मावळायच्या आत. दिव्यावर किडे येऊन मरतात, म्हणून. आप्पा पाणी गाळून पीत, वाटेत मुंग्यांची रांग दिसली की ती सरेपर्यंत बैलगाडी थांबवत. मला सुरुवातीला हसू यायचं. नंतर मीही थांबायला लागले.

त्यांच्या घरी उंदरांचा पिंजरा होता. जोंधळ्याच्या कणगीपाशी रोज लावायचे आणि सकाळी आप्पा तो हातात घेऊन ओढ्यापलीकडे जायचे, दार उघडायचे, उंदीर पळाला की रिकामा पिंजरा घेऊन परत. त्या भागातल्या बऱ्याच जैन घरांत हीच रीत. गावकरी थट्टा करत, “आप्पा, त्यो तुमच्याआधी घरला पोचला बघा.” आप्पा म्हणत, “पोचूं दे. त्याचं घर हाय त्ये.”

संध्याकाळी जेवणं आटोपली की ते कट्ट्यावर बसत आणि जिनूला मांडीवर घेऊन गोष्ट सांगत. आमच्याकडे ऐकणाऱ्यानं दर वाक्याला “हूं” म्हणायचं असतं. हुंकारा आला नाही की सांगणारा थांबतो. जिनूचा हुंकारा खणखणीत असे. गोष्ट ठरलेली: आप्पांच्या पिंजऱ्यात एक उंदीर सापडला, त्यानं दोन्ही हात जोडले, म्हणाला, आप्पा, मला सोडा. आप्पांनी सोडला. उंदीर म्हणाला, तुमच्या घरावर संकट यायचं असंल तर मी आधी येऊन सांगीन. मग रोज तो नवीन काहीतरी सांगायला यायचा. आज वैरणीत साप आहे, उद्या वळचणीला ठिणगी पडणार आहे.

पद्मा हुंकारा देत नसे. ती विचारत असे.

“आप्पा, त्यो कानडी बोलतोय का मराठी?”

“दोन्ही बोलतोय. आपल्यातलाच हाय न्हवं.”

“मग त्याला बोलूनच सांगा की, कणगीत जाऊ नगंस म्हणून. पिंजरा कशाला लावता?”

मी खोलीच्या दारात बसून माझं हसू पदरात लपवत असे.

“आनि मांजराला त्येची भाषा कळती काय? कळत असंल, नगं नगं म्हणताना ऐकूनबी खात असंल, तर मांजराला लई पाप लागंल. मुकं असंल तर कमी.”

“गप गं. गोष्टीत तोंड घालू नये.”

जिनू चिडून तिच्या पाठीत बुक्की मारायचा. “आक्का, तू गप! त्यो येनार हाय!” मग आप्पांकडे वळून “हूं!” म्हणायचा, आणि गोष्ट पुढं निघायची.

त्या साली निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत उंदीर पडायला लागले. हल्लीच्या वाचकांना सांगायला हवं, की उंदीर पडणं याचा अर्थ आम्हा सगळ्यांना पाठ होता. प्लेग. आधी उंदीर मरतात, मग माणसं. मग गाव रिकामं करून माळावर झोपड्या बांधायच्या, साथ ओसरेपर्यंत तिथंच राहायचं. काखेत किंवा जांघेत गाठ आली, तर फार थोडे परत येत. सरकारी शिपाई रॉकेलचा डबा घेऊन दारोदार येऊ लागला: पकडलेला उंदीर सोडायचा नाही, आमच्या ताब्यात द्यायचा. मास्तर लोकांनाही हुकूम, की लोकांना समजावा.

मी आप्पांना समजावलं. “आप्पा, तो उंदीर तसाही मरतोच आहे. मरताना माणसं घेऊन जातोय.”

“मरंना का. मारायला मी देनार न्हाय. त्यो जीव हाय.”

“आणि ही पोरं?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. म्हणाले, “बाई, पोरांसाठीच न्हवं. पोरांच्या देखत एक जीव डब्यात बुडवला, तर त्यास्नी मी काय शिकवलं?”

ते पहाटेच पिंजरा घेऊन जात राहिले. त्यांना अडाणी म्हणणारी माणसं पुढं पुष्कळ भेटली. मी त्यांच्या घरी राहिलेली आहे, मला तो शब्द वापरता येत नाही.

मग आमच्या गावातही उंदीर पडले. माळावर जायचा दिवस ठरला. गाड्या भरणं चाललेलं, कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. मी शाळेच्या पाट्या गोणपाटात बांधत होते, पद्मा मदतीला. परसातून जिनूचं बोलणं ऐकू आलं. कुणाशी बोलतोय म्हणून पद्मा पुढं गेली, तिच्या मागं मी.

परसदारी उन्हात, दगडी पायरीवर जिनू बसला होता. त्याच्या मांडीवर उंदीर होता.

आजारी उंदराची भीड चेपते. बीळ सोडून तो भर दिवसा उजेडात येतो, दारू प्यायल्यासारखा चालतो, माणूस दिसला तरी पळत नाही. हे मला ठाऊक होतं. चार वर्षांच्या पोराला ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं, की एक उंदीर येणार आहे, आणि तो आपल्याला भिणार नाही.

“आक्का, आलाय बघ,” जिनू म्हणाला. भाकरीचा तुकडा तो त्याच्या तोंडाशी धरून बसला होता. “आप्पांचा उंदीर. सांगाय आलाय.”

मी जागच्या जागी थिजले. पद्मानं विचारलं, “काय बोलला त्यो?”

“अजून न्हाय. दमलाय.”

“बोलत न्हाय म्हंजे त्यो न्हवंच रं!” ती ओरडली. “टाक त्याला! जिनू, टाक!” आणि धावत जाऊन तिनं उंदीर त्याच्या मांडीवरून झटकला. त्या घरात त्या घटकेला एकीचंच डोकं ठिकाणावर होतं, ते त्या नऊ वर्षांच्या मुलीचं. जिनूनं भोकाड पसरलं. आपला पाहुणा मारला म्हणून तो तिला बोचकारू लागला.

रडणं ऐकून आप्पा आले. पायरीखाली पडलेला उंदीर पाहिला, जिनूच्या हातातली भाकरी पाहिली. एवढ्या उन्हात त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. मी पोराला उचललं, कढत पाण्यानं आंघोळ घातली, अंगातले कपडे चुलीत घातले. आप्पांनी तो उंदीर सुपात घेतला आणि कुंपणाच्या सावलीत नेऊन ठेवला. तो तिथंच मेला.

माळावरच्या झोपडीत जिनूला ताप भरला. मग काखेत गाठ आली. निपाणीहून डॉक्टर आले, लेप दिला, आमच्या डोळ्यांत बघायचं टाळून गेले. पद्माची आई पोराला पदराखाली घेऊन बसली होती. आप्पा पायाशी. मी दारात. ग्लानीतून मध्येच जिनूला जाग आली, त्यानं मान वळवून आजोबांना शोधलं आणि विचारलं,

“आप्पा, त्यो काय म्हनला?”

ज्या माणसानं आजवर दर संध्याकाळी उंदराला दोन दोन भाषांत बोलतं केलं होतं, त्याला त्या वेळी एक अक्षर सुचलं नाही. त्यांचे ओठ हलले. जिनू वाट बघत राहिला. सवयीनं त्यानं एकदा “हूं” म्हटलं, पुढं सांगा म्हणून. आप्पांनी तोंडात उपरण्याचा बोळा कोंबला आणि बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी जिनू गेला. मी वर्गातली पुष्कळ मुलं गमावली आहेत, साथीत, बाळंतपणात, तापात. या एका पोराचं “हूं” माझ्या कानातून जात नाही, आणि ते जावं असं मला वाटतही नाही.

आप्पा त्या वेळेपासून बोलले नाहीत. कुणाशीच नाही. झोपडीच्या एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसत. माळावर आणखीही घरांत माणसं गेली होती, आणि दुःखाला धरायला कुणीतरी लागतंच. लोक उघड बोलू लागले की आप्पांनी सोडलेले उंदीरच गावात आले, दयेनं गाव बुडवलं. खरं होतं का? मला माहीत नाही. पुण्यापासून धारवाडपर्यंत उंदीर पडत होते, ते सगळे काही आप्पांनी सोडले नव्हते. पण त्या झोपडीकडे कुणी फिरकेना. आप्पांचं जेवण एक वेळेवर आलं, मग तेही सुटत चाललं. सून ताट ठेवायची, तसंच उचलायची. मुलगा माझ्यापाशी येऊन रडला. “बाई, हे असं किती दिस चालंल? एक गेला, आता आप्पाबी जानार.”

मी गेले, बोलले, हात जोडले. भिंतीशी बोलावं तसं झालं.

चिंचेखाली मी शाळा भरवत होते, उगाच आपली, मुलं एकत्र असली की घाबरत नाहीत म्हणून. पद्मा यायची, मागं बसायची. एकही प्रश्न विचारत नसे. एकदा सगळ्या गेल्यावर ती माझ्यापाशी आली.

“बाई, मी कवाच हूं म्हनली न्हाय. जिनू म्हनायचा. मी निस्तं ह्यें कसं, त्यें कसं. म्हनून आप्पा रागावल्यात काय?”

“नाही गं बाळा. तुझ्यावर कोण रागावेल?”

“मग गोष्टीतला उंदीर कवाच आजारी का पडत न्हाय?”

मी तिला जवळ ओढलं. त्यानंतरच्या सगळ्या नोकरीत मी जनावरांच्या गोष्टींची जी जी पुस्तकं हाताळली, त्यांत हे शोधत आले. गोष्टीतली जनावरं हावरटपणानं मरतात, गर्वानं मरतात, मूर्खपणानं तर सर्रास मरतात. तापानं कुणी मरत नाही. सगळ्यांना शहाणपणाचं बोलता येतं, आणि दुखतंय एवढं मात्र कुणी म्हणत नाही. वाघ काय खातो आणि हत्ती दारातून कसा आला, या चुका मी पोटात घातल्या. ही एक मला आजही माफ करता येत नाही.

त्याच संध्याकाळी, ऊन उतरायच्या आत, मी ताट घेऊन आप्पांच्या झोपडीकडे निघाले. सून थकून पडली होती. दारात पोचले तो आत पद्माचा आवाज. ती आजोबांच्या पाठीमागं मांडी घालून बसली होती. मी बाहेरच ताट धरून उभी राहिले.

“एक उंदीर हुता,” पद्मा सांगत होती. “त्याला बोलाय येत न्हवतं.”

ती थांबली. हुंकाऱ्यासाठी थांबतात तशी. भिंतीकडून काही आलं नाही. तिनं पुढं घेतलं.

“त्याला ताप आलता. लई दुखत हुतं. बिळातलं सगळं मेलतं, त्यो एकलाच ऱ्हायलता. कुनाला सांगाय त्याला तोंड न्हवतं. म्हनून त्यो उनात आला. तितं एक ल्हान पोरगं बसलं हुतं. पोरानं त्याला भाकरी दिली. त्याला खायाला आली न्हाय. मग पोरानं त्याला मांडीवर घेतलं.”

पुन्हा थांबली. आप्पांची पाठ हलत होती.

“उंदराला ठावं न्हवतं, आपून काय घेऊन आलोय त्यें. पोराला ठावं न्हवतं. पोराच्या आप्पालाबी ठावं न्हवतं. ठावं असतं, तर तिघांतलं कुनीबी तसं केलं नसतं.”

तिची मान वळली. मी दारात आहे हे तिला आधीपासून माहीत असावं. तिच्या नाकातून, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज वर्गात प्रश्न विचारायची तेव्हासारखाच होता.

“बाई, ह्यात कुटं चुकलंय काय?”

मी खरोखर शोधलं. पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत पुन्हा गेले. खोटं सांगून तिला गप्प करता आलं असतं, पण तिच्याशी ते चाललं नसतं.

“नाही गं,” मी म्हटलं. “कुठंच चुकलेलं नाही.”

ताटातली आमटी निवून गेली, तरी आम्ही दोघी तशाच होतो. मग कोपऱ्यातून, भिंतीकडे तोंड असतानाच, आप्पांचा आवाज आला. इतक्या दिवसांनी, गंजलेला.

“हूं.”

पद्मानं परकरानं नाक पुसलं आणि पुढची गोष्ट सांगायला घेतली.